चिखलावरचं घोंगडं

माझ्या खांद्यावरचं घोंगडं त्याने न विचारता ओढलं आणि चिखलावर टाकलं. तो म्हणजे सिनेमाचा सहायक दिग्दर्शक. नायकाच्या गाडीपासून कॅमेऱ्यापर्यंत पाच पावलं चिखल होता आणि नायकाचे बूट नवे होते. नायक घोंगड्यावरून चालत आला. खाली बघितलंसुद्धा नाही.

"काका, तोंड का पाडलंय? कांबळंच आहे ना?" सहायक म्हणाला. लोक हसले.

शूटिंग खंडाळ्याजवळच्या माळावर होतं. मी माण तालुक्यातला, धनगराचा. पंचवीस वर्षं नाटक-सिनेमात लहान कामं करतो. निघताना यादी करतो: चष्मा, गोळ्या, धोतर, संवादांचे कागद. या वेळी यादीत घोंगडंही होतं. "घरचंच आणा, ओरिजिनल दिसलं पाहिजे," असं दिग्दर्शकांनी फोनवर बजावलं होतं.

घरचं म्हणजे आमच्याच मेंढरांच्या लोकरीचं, वडिलांचं. त्यावर देव मांडतात, भंडारा उधळतात. भावकीचं भांडण त्यावर बसूनच मिटवतात. पायताण घालून त्यावर कुणी पाय ठेवत नाही. देताना वडील म्हणाले होते, "जपून माघारी आण रं. जत्रंला देवाला आंथरायचं हाय."

मी ते उचललं. झटकलं. चिखलाची बाजू आत दुमडली, खांद्यावर टाकलं आणि शॉट दिला.

गप्प का बसलो? माझ्या वहीत केलेल्या कामांची यादी आहे. गडी. वाटाड्या. प्रेत. परत गडी. या सिनेमात पहिल्यांदा माझ्या पात्राला नाव होतं. त्या नावासाठी मी बापाच्या घोंगड्यावरचा चिखल झाकला.

दुपारी नायक जेवायला गाडीकडे निघाला. सहायकाने पुन्हा हात पुढे केला.

"काका, द्या."

"न्हाई."

"अहो, एका मिनिटाचं काम आहे."

"मग तुझा शर्ट टाक."

या वेळी कुणी हसलं नाही. दिग्दर्शक आले. "अर्धा सीन झालाय. नखरे करू नका, रोल दुसऱ्याला देईन."

"द्या. घोंगडं माझ्यासंगं जाईल."

नायक चिखलातून गेला. काही झालं नाही त्याला. बूटच भरले. मी धोतर बदललं, पिशवी भरली आणि एसटी पकडली. रोल दुसऱ्याला गेला. वहीत लिहिलेलं त्या पात्राचं नाव मी खोडलं नाही. त्याच्यापुढे लिहिलं: सोडला.

घरी वडिलांनी घडी उलगडली. बुटाचा ठसा वाळून पांढरा पडला होता. मी सगळं सांगितलं. दुपारी कसा नडलो तेही सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील.

ते ठसा नखाने खरवडत राहिले. मग म्हणाले, "सकाळीच का न्हाई बोललास?"

 

आता कामाचा फोन आला की मी आधी माझी अट सांगतो. माझ्या वस्तूला मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि घोंगड्यावर येणारा अनवाणी येईल, मग तो कुणीही असो. बरेच जण फोन ठेवतात. ठेवू देत. पुन्हा गडी होईन, प्रेत होईन. पण बोलायला दुपार होऊ देणार नाही.