आत्यांचा धुतलेला दगड

आमच्या ह्यांच्या आत्या फाटलेली जाळी सांधतात. नदीकाठच्या गल्लीतलं शेवटचं घर त्यांचं, आणि घराची पुढची खोली हेच दुकान. छताला ओळीने आकडे, आकड्यांना लोंबणारी जाळी, आणि मधोमध स्टुलावर आत्या. दातांत दोऱ्याचं टोक, हातात लाकडी सुई. आत शिरणाऱ्याला वाकूनच यावं लागतं. "माझ्याकडे नमस्कार आपोआप होतो," असं त्या म्हणतात.

चौकशीची त्यांना भारी हौस. जाळं द्यायला आलेला माणूस परत निघेपर्यंत त्याच्या आईचे गुडघे, बायकोच्या माहेरच्या भानगडी आणि जाळं नेमकं कुठे, कशाने फाटलं, हे सगळं त्यांना कळलेलं असतं. "उगाच नाही विचारत मी," त्या म्हणतात. "भोक कशाचं ते कळल्याशिवाय सांधायला मजा येत नाही."

तर अशा बाईच्या दारात एके दिवशी एक सर्वेवाली मुलगी येऊन उभी राहिली. पाठीला पिशवी, पायात चिखलाने माखलेले बूट. या नदीतली पाणमांजरं फार कमी उरली आहेत, ती नेमकी कुठे राहतात ते शोधायचंय, आणि हे काम काठावरच्या माणसांनीच करायचंय, असं तिचं म्हणणं. काठाचे पट्टे पाडायचे, ज्याच्या घरासमोरचा पट्टा त्याने बघायचा. पाणमांजर स्वतः सहसा दिसत नाही. पण ते चिखलात पाऊल उमटवतं आणि दगडांवर विष्ठा टाकतं. तेवढं उजाडता उजाडता शोधायचं आणि फोनवर फोटो काढून पाठवायचा.

"म्हणजे शी शोधायची?" आत्यांनी विचारलं.

"विष्ठा."

"तेच ते. आणि सापडली की तिचा फोटो?"

"हो. शेजारी काडेपेटी ठेवून. म्हणजे आकार कळतो."

आत्यांचे दीर शेजारच्याच घरात राहतात, मासेमारी करतात. ते उंबऱ्यावर बसून ऐकत होते. त्यांना हसू आवरेना. "वहिनी, आता तुमचं नाव गाजणार बघा."

"हसू नका भाऊजी. तुमच्या बोक्याची घाण इतकी वर्षं काढतेय, तेव्हा नाही कुणी फोटोला आलं."

हसण्यावारी नेलं तरी आत्यांना त्या सर्वेची गरज होती. काठाला सिमेंटची भिंत घालायचं ठरलं होतं. जिथे पाणमांजरांच्या खुणा सापडतील तेवढा काठ सोडायचा, बाकी सगळीकडे भिंत. आणि आत्यांच्या घरासमोर, पाण्याला लागून, एक पसरट काळा दगड आहे. जाळी वाळवायची ती त्यावर. ओल्या जाळ्यात गाठ बसत नाही, घसरते. गच्ची होती, पण ओल्या जाळ्याचं ओझं घेऊन जिना चढणं आत्यांच्या गुडघ्यांना झेपणारं नव्हतं. भिंत आली की दगड तिच्याखाली जाणार, आणि दगड गेला की धंदाही गेल्यातच जमा.

सर्वे सुरू झाला. वरच्या पट्ट्यात विष्ठा सापडली, खालच्या पट्ट्यात पावलं. पुलापलीकडच्या इस्त्रीवाल्यांना तर दोन्ही सापडलं. आत्यांच्या पट्ट्यात मात्र काही म्हणता काही नाही. त्या काठाने वाकून वाकून फिरत, मुळांखाली डोकावत, आणि रिकाम्या हाताने परत येत. पुढच्या फेरीतही तेच.

"पण का?" त्या त्या मुलीला विचारत. "वरती आहेत, खालती आहेत, मग मधे काय माझ्या दारावरून डोळे मिटून जातात का?"

"तेच मलाही कळत नाहीये," मुलगी म्हणायची.

आता शेवटची फेरी तेवढी उरली होती. एका सकाळी दीर हळूच आत आले. "वहिनी, एक सुचवू? वरच्या पट्ट्यातनं डब्यात घालून आणतो. तुम्ही दगडावर ठेवा आणि काढा फोटो. कुणाला कळणार आहे?"

आत्यांची सुई थांबली. मनात आलंच नाही असं नाही. दगड कुणाला नको असतो? पण मग त्या म्हणाल्या, "एकदा खोटं ठेवलं की खरं काय होतं ते मला कधीच कळायचं नाही भाऊजी. ते नाही सोसवायचं मला."

त्याऐवजी त्या मुलीला म्हणाल्या, "मला एकदा दाखव तरी. नुसते फोटोच बघतेय मी."

दोघी वरच्या पट्ट्यात गेल्या. एका दगडावर काळपट, ओलसर काहीतरी पडलं होतं. त्यात माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे चमकत होते. आत्या गुडघे धरत खाली बसल्या आणि त्यांनी वास घेतला. शिळ्या मासळीचा, पण आतून जरासा गोडसर. पुन्हा घेतला. आणि कपाळावर हात मारून घेतला.

"काय झालं आत्या? मळमळतंय का?"

"अगं, सकाळी उठले की मी पहिलं काम काय करते, माहितीये?" आत्या म्हणाल्या. "दगड धुते. बादल्यावर बादल्या ओतते, कडेचा चिखलसुद्धा वाहून जातो, आणि ब्रशने खसाखसा घासते. जाळ्यांना वास लागू नये म्हणून. हीच घाण असते की रोज! मी समजत होते, भाऊजींचा बोका."

मुलीने विचारलं, "पण सर्वेच्या दिवशी?"

"त्या दिवशी तर जास्तच. म्हटलं, चार लोक बघायला येणार, दारात घाण दिसायला नको. धुऊन झालं की मग शोधायला निघायचे मी."

ती मुलगी मटकन वाळूत बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. हसू ओसरल्यावर म्हणाली, "आत्या, ती त्यांची खूण असते. आम्ही इथे राहतो, असं एकमेकांना सांगायची. तुम्ही रोज त्यांच्या दारावरची पाटी पुसताय."

"आणि ती रोज नवी लावताहेत?" आत्यांना राग यावा की कौतुक वाटावं ते कळेना. "चांगलीच चिवट आहेत की! आणि मी त्या बोक्याला किती शिव्या घातल्या गं."

आता धुणं बंद करायचं, एवढंच काम उरलं, असं मुलीला वाटलं. आत्या मात्र घरी येताना म्हणाल्या, "आजवर काही नव्हतं, आणि नेमकं शेवटच्या फेरीला सापडलं, तेही माझ्याच दगडावर, मलाच. कोण विश्वास ठेवेल? मीच म्हणेन, बाईने आणून ठेवलं. माझा पट्टा दुसऱ्या कुणालातरी दे."

"कुणाला देऊ?"

"त्या इस्त्रीवाल्यांना. तो माणूस शर्टाची बाहीसुद्धा चारदा उलटून बघतो."

शिवाय शेवटच्या फेरीपर्यंत आपण दगडाकडे फिरकायचंसुद्धा नाही, असं त्यांनी स्वतःलाच बजावलं, आणि काही दिसलं तरी मला सांगू नका, असं दीरांनाही. ज्या बाईला शेजारच्या घरात भांडं पडलं तरी कुठलं ते कळायला हवं असतं, तिने हे ठरवावं! त्यांनी स्टूल फिरवून खिडकीकडे पाठ केली. ओली जाळी खोल्याखोल्यांतून दोऱ्यांवर टांगली, घरभर पाणी ठिबकू लागलं. कामं रखडली, गिऱ्हाइकं कुरकुरू लागली.

"भाऊजी, खाली गेला होतात ना? काही दिसलं का हो?"

"मी बोलणार नाही. तुम्हीच बजावलंय."

"नुसतं हो की नाही सांगा."

"वहिनी, तुमच्यापेक्षा तो बोका गप्प बसतो."

शेवटच्या फेरीला इस्त्रीवाले उजाडताच आले. खिडकीकडे पाठ करून आत्या ऐकत होत्या. खडीवरची पावलं. थांबणं. पुन्हा पावलं. मग खूप वेळ काहीच नाही. सुईत दोरा ओवलेला, पण एक गाठ पुढे सरकेल तर शपथ.

शेवटी इस्त्रीवाले सर्वेवालीबरोबर वाकून आत आले. चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला.

"सापडली?" आत्या.

"सांगतो ना. जरा पाणी मिळेल का?"

"आधी सांगा, मग घागरभर देते!"

त्यांनी फोन पुढे केला. काळा दगड, त्यावर विष्ठा, शेजारी काडेपेटी. एक नव्हे, तीन ठिकाणी. काही वाळलेली, काही अगदी ताजी. पुढच्या फोटोत दगडाच्या बाजूचा चिखल. त्यात बोटांमध्ये पडदा असलेली रुंद पावलं, आणि त्यांच्यालगत तशीच, पण अगदी चिमुकली.

"ही लहान कुणाची?"

"पिल्लांची," मुलगी म्हणाली. "आत्या, या अख्ख्या काठावर पिल्लं फक्त तुमच्याकडे आहेत."

आत्यांनी फोन हातातून सोडलाच नाही. बोटाने फोटो मोठा कर, लहान कर, पुन्हा मोठा कर.

भिंतीचा आराखडा बदलला. आत्यांच्या गल्लीच्या अलीकडेच ती थांबणार, असं ठरलं. ते सांगायला आलेली मुलगी मात्र दारातच घुटमळली. "आत्या, एक आहे. पिल्लं आहेत, तर आता दगडावर कुणी जायचं नाही. धुणं नाही, आणि जाळी पण..."

"जाळी पण नाही," आत्यांनी वाक्य पुरं केलं.

"घ्या!" दीर म्हणाले. "दगड वाचवायला निघालात आणि दगडालाच मुकलात."

त्या दिवशी आत्यांनी चहाही घेतला नाही. दुसऱ्या दिवसापासून ओली जाळी खांद्यावर टाकून गच्चीचा जिना चढायला लागल्या. मधल्या वळणावर टेकायचं, गुडघा चोळायचा आणि पुन्हा चढायचं. गच्चीवर जाळी वाळायला वेळ लागतो. दगडासारखी ऊब सिमेंटला नाही, अशी तक्रार त्या अजून करतात. दीर येता-जाता एखादं जाळं वर नेऊन टाकतात, पण ते मदतीत धरायचं नाही, असं दोघांचंही न बोलता ठरलेलं आहे.

परवा ती मुलगी आली तेव्हा आत्या गच्चीच्या कठड्याला टेकून खाली बघत होत्या.

"अगं, एवढी लांबलचक नदी, तिला एवढे दगड. मी रोज ब्रश मारून मारून हैराण केलं, तरी यांनी हाच धरून ठेवला. का गं?"

"नाही माहीत, आत्या."

"तुमच्या मोठ्या लोकांना?"

"त्यांनाही नाही. या नदीवर हे कुणी बघितलंच नाहीये अजून."

आत्यांनी खांद्यावरचं जाळं दोरीवर टाकलं, हात पदराला पुसले आणि कठड्याजवळची उलटी बादली तिच्याकडे सरकवली. "मग बस इथे. दगड इथून पुरता दिसतो. आणि मला सांग, असलं काही शोधायचं झालं तर सुरुवात कशी करतात?"