टेम्पोत बसून जाळलेल्या कॅलरीज

गेल्या महिन्यातला रविवार. मांडव्याहून किहीमला घरी परतत होते आणि सासवण्याच्या पुढे सायकलचं मागचं चाक फुस्स झालं... पंप जवळ होता, पंक्चर काढायचं सामान घरी!

थोडं मागचं सांगते. त्याच्या दोन महिने आधी माझी शुगर अगदी काठावर आली होती. डॉक्टर म्हणाले, तीन महिने खाणं सांभाळा, व्यायाम करा, मग गोळीचं बघू. लेकीनं लगेच पुण्याहून फिटनेस वॉच पाठवलं आणि मी धूळ खात पडलेली सायकल बाहेर काढली.

वॉच भलतंच उदार निघालं. मांडव्याला जाऊन आलं की पाचशेच्या वर कॅलरीज जळाल्या म्हणायचं. मग काय... एवढं कमावलंय तर खाऊया, म्हणून जेट्टीजवळ दोन बटाटेवडे आणि वर गोड चहा. दर राइडला!

दोन महिन्यांत वजन दीड किलो वाढलं. नवऱ्याला सांगितलं, मसल्स वाढत असतील... मनातून मात्र घाबरले होते. माझ्या आईनं शुगरपायी काय काय सोसलं ते मी पाहिलंय.

तर त्या रविवारी सायकल ढकलत चालले होते, तेवढ्यात मागून सलीमभाईंचा टेम्पो आला. आमच्या वाडीतले नारळ तेच नेतात. जेट्टीवर शहाळी उतरवून रिकामेच परतत होते, शेजारी त्यांची बायको नसरीनभाभी. सायकल मागे चढवली आणि आम्ही तिघं पुढे दाटीवाटीनं बसलो.

खड्ड्यांतून हिंदकळत असताना भाभीचं लक्ष माझ्या मनगटाकडे गेलं. "ताई, ह्या घड्याळात आकडा कसला पळतोय?"

बघते तर काय... राइड बंद करायचीच राहिली होती! टेम्पो जोरात धावत होता आणि वॉच समजत होतं, बाई सुसाट सायकल मारतायत. कॅलरीज धडाधड वाढत होत्या. मी दोघांना समजावून सांगितलं, तसे सलीमभाई म्हणाले, "म्हणजे टेम्पो माझा, डिझेल माझं, आणि बारीक तुम्ही होताय?"

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. घरी पोचल्यावर वॉचनं अभिनंदन केलं... आजवरची सर्वोत्तम राइड म्हणे!

संध्याकाळी मात्र हसू ओसरलं. टेम्पोत बसल्याचे एवढे, तर एरवीच्या आकड्यांत तरी खरं किती? लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, वेग आणि वजन बघून ते नुसता अंदाज बांधतं. चढ, वारा, तू किती जोर लावतेस, हे त्याला नीट कळत नाही. आणि तो अंदाज वडे खायला नव्हता गं!"

त्या दिवसापासून आकडे बघणं बंद. सायकल चालूच ठेवली, वडे सुटले, रात्रीचा भात निम्म्यावर आला. परवा रिपोर्ट घेऊन गेले, तर शुगर खाली! डॉक्टर म्हणाले, "सध्या गोळी नको." दवाखान्याबाहेर येऊन मी चक्क रडले... आनंदानं.

पण खरी गंमत वेगळीच. त्या दिवशी टेम्पोतून उतरताना नसरीनभाभीनं हळूच माझा हात धरला होता. "ताई, पन्नाशीत सायकल येते का हो शिकायला? भावांना चालवताना बघत मोठी झाले. मला कुणी बसूच दिलं नाही."

मग काय, तेव्हापासून ओहोटीची वेळ बघून आम्ही दोघी किहीमच्या किनाऱ्यावर. ओल्या, घट्ट वाळूत ती सीटवर आणि मी मागे कॅरियर धरून धावतेय. चार वेळा पडली, आणि चारही वेळा माझ्यापेक्षा मोठ्यानं हसली.

आज सकाळी ती ओरडली, "सोडा ताई, सोडा आता!" मी सोडलं. ओढणी कमरेला खोचून ती सरळ गेली... थेट त्या टोकाच्या होडीपर्यंत. तिथे एक पाय टेकून वळली आणि दोन्ही हात वर करून खळखळून हसली.

सलीमभाई आज पहिल्यांदाच बघायला आले होते, माझ्याजवळ उभे होते. तिच्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "तीस वर्षं झाली लग्नाला... ही असं हसते, मला माहीतच नव्हतं."

असं काही बघायला मिळालं, यासाठी देवाचे आणि त्या दोघांचे मनापासून आभार.