कोटाच्या अस्तरातली माती

मांजर आडवं गेलं म्हणून थांबणाऱ्यांची आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त टिंगल कोण करतं, तर मी. तेव्हा पुढचं वाचून हसायचं तर खुशाल हसा... दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते.

मी नांदेडची. जुने कपडे उसवून त्यांचं नवं काहीतरी शिवायचा मला नाद आहे. काकूच्या इरकलीचा कुर्ता, सासऱ्यांच्या सफारीचा स्कर्ट — घरातलं कुणाचं कापड माझ्या कात्रीतून सुटलेलं नाही. माझी लेक सई तेव्हा लातूरला हॉस्टेलवर राहून नीटची तयारी करत होती. क्लासमधला एसी इतका गार, की पोरगी फोनवर रोज रडगाणं गायची. ते माझ्या आईच्या कानावर गेलं. ती मुखेडला राहते. पुढच्या खेपेला येताना तिनं ट्रंकेतून एक मरून रंगाचा लोकरी लेडीज कोट आणला. मी तो कधी पाहिलाही नव्हता. घाटणी जुनी, पण कापड अस्सल!

"सईला कर काहीतरी याचं," आई म्हणाली.

अस्तर उसवलं आणि माझ्या मांडीवर माती पडली. पांढरी, जुन्या घरांच्या माळवदावर, म्हणजे छतावर घालतात तसली. आणि ओली! वर्षानुवर्षं ट्रंकेत बंद असलेल्या कोटात ओली माती... तिच्यात लांब केस गुंतलेले. कपाटामागं उंदीर मरून पडला की येतो, तसा वास. कोट फेकूनच देणार होते. पण वाया कशाला घालवायचं, हा माझा स्वभाव नडला. तीन पाण्यांनी धुतला, उन्हात वाळवला, नवं अस्तर लावलं, लांबी कमी करून झक्क जॅकेट केलं आणि लातूरला पाठवलं.

आठ दिवसांत सईचा फोन. "आई, मी बसते त्या बाकावर माती पडतेय. पोरी नाक दाबून लांब बसतात."

मी म्हटलं, हॉस्टेलची धूळ असेल. दोन दिवसांनी सकाळीच पुन्हा फोन — हुंदके देतच. "दात घासताना तोंडातून माती आली गं... केसपण निघाला."

मिळेल त्या एसटीनं लातूर गाठलं. पोरगी वाळून गेली होती. प्रत्येक घासाला कचकच लागते म्हणून जेवतच नव्हती. तोंडात बोट फिरवून पाहिलं, तर हिरड्यांना पांढरा चिखल! तोच, तसाच. लिहितानाही शिसारी येते. डॉक्टर म्हणाले, घसा ठीक आहे, अभ्यासाचं टेन्शन असेल. मी जॅकेट पिशवीत बांधलं आणि तिथून थेट मुखेड.

"आई, हा कोट कुणाचा?"

किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आई तिकडल्याच एका खेड्यात मास्तरीण होती.

"ट्रकनं कपडे आलते मुंबईहून," ती म्हणाली. "वाटायची ड्यूटी आमची. चांगलं चांगलं सगळ्याच बायांनी ठेवून घेतलं, मी एकटीनं न्हाई." मग शेंगांची टोपली पुढं ओढली. "एक ओली बाळंतीण आलती. पाऊस लागलेला, लई कुडकुडत होती. कोट माझ्या मांडीखाली होता. म्हटलं, संपले कपडे."

"पुढं काय झालं तिचं?"

"मला काय ठाव?"

म्हणजे कोट मुंबईहून ट्रकमध्ये आला, ट्रकमधून आईकडं. कुठल्याही ढिगाऱ्याखाली तो कधी गेलाच नव्हता. मग ही माती?

"आणि तू का नाही घातलास इतकी वर्षं?"

"घातला की, दोनदा," आई शेंगा सोलत म्हणाली. "माझ्याबी तोंडात यायची माती. वाटलं, आता थांबली असंल."

जॅकेट मी तिच्याच अंगणात जाळलं. त्या दिवसापासून सईचं तोंड स्वच्छ आहे, जेवते नीट. माती कुठून येत होती, केस कुणाचे होते, मला आजही सांगता येत नाही. कुणाला उलगडत असेल तर जरूर लिहा.

त्या दिवशी जॅकेट जळेस्तोवर आईनं ताट वाढलं होतं. "बस, दोन घास खा," म्हणाली. मी तशीच चपला घालून स्टँडवर आले. तेव्हापासून तिच्या हातचं मला खाववत नाही... आणि तिला अजून वाटतं, मी त्या मातीलाच किळसले.