रिकाम्या गाळ्यात काय यावं

नोएडातल्या त्या सेक्टरच्या मार्केटात मोमोचे इतके ठेले आहेत की संध्याकाळी वाफेतून वाट काढत जावं लागतं. पण कुकरची शिट्टी बिघडली तर नवी आणायला मेट्रोने जायचं. मोबाइलची कव्हरं हवी तेवढी, दोन सलून, एक जिम, आणि नळाचा वायसर मागितला तर दुकानदार असा बघतो जणू आपण त्याच्याकडे सोनं उधार मागितलं. अशा मार्केटात कोपऱ्यावरचा झेरॉक्सचा गाळा रिकामा झाला, तेव्हा आरडब्ल्यूएच्या, म्हणजे रहिवासी संघटनेच्या, अध्यक्ष मित्तलजींना लोकशाहीचा झटका आला. गाळ्याचा मालक त्यांच्या ओळखीतला. त्यांनी ग्रुपवर जाहीर करून टाकलं, की या वेळी रहिवाशांना हवं तेच दुकान येईल. रविवारी सकाळी पार्कात या आणि काय हवं ते सांगा.

प्रभाताई नाबरांना काय हवं होतं ते त्यांनी झोपेतही सांगितलं असतं. मासळीचं दुकान. बर्फावर मांडलेले बांगडे, जमलीच तर सुरमई, आणि साफ करून देणारा एक माणूस. बास.

पण सांगायचं कोणत्या तोंडाने? अख्ख्या सेक्टरच्या लेखी नाबर कुटुंब शुद्ध शाकाहारी होतं.

हे कसं झालं, ते ऐकण्यासारखं आहे. प्रभाताईंचे यजमान श्यामराव मूळचे वेंगुर्ल्याचे. सारस्वत. मासे म्हणजे त्यांच्या घरी रोजचं जेवण. देवाची पूजाही मनोभावे आणि बांगडाही मनोभावे, दोघांचं कधी भांडण झालं नाही. सरकारी नोकरीत दिल्लीला बदली झाली आणि या सेक्टरात भाड्याचं घर बघायला गेले, तेव्हा घरमालकाने विचारलं, “आप लोग ब्राह्मण हो?” श्यामराव हो म्हणाले. मालक खूश होऊन म्हणाला, “फिर तो प्याज-लहसुन भी सोच के खाते होंगे!” कोकणातल्या सारस्वतांच्या खाण्यापिण्याचा इतिहास त्याला उभ्याउभ्या कुठे समजावत बसायचा? खाली सामानाचा टेम्पो थांबलेला. श्यामराव नुसते हसले.

त्या हसण्यावर पुढचा सगळा संसार झाला. त्याच सेक्टरात त्यांनी स्वतःचा मजला घेतला, समोरच्या दाराला मित्तलांचं कुटुंब. स्वतःचं घर झाल्यावर तरी खरं सांगायला हरकत नव्हती. पण तोवर कुणाकडे सत्यनारायणाची कथा असली की पहिलं बोलावणं प्रभाताईंना यायला लागलं होतं. नवरात्रात मित्तलभाभी त्यांच्या हातचा साबुदाणा मागून न्यायच्या. परक्या गावात एवढा मान मिळाला की तो सोडवत नाही, हे प्रभाताईंनी स्वतःशी कबूल केलं होतं. मग महिन्या-दोन महिन्यांनी, खिडक्या लावून, एग्झॉस्ट फुल सोडून, गुग्गुळाचा धूप पेटवून मासे व्हायचे. काटे प्लॅस्टिकमध्ये, प्लॅस्टिक पर्समध्ये, आणि पर्स घेऊन बाई निघायच्या मेट्रो स्टेशनबाहेरच्या कचराकुंडीकडे. मित्तलभाभी विचारायच्या, “शाम को घूमने जाते हो?” ह्या म्हणायच्या, “हाँ जी, डॉक्टर ने बोला है.”

तोवर यात गंमतही होती. श्यामरावांचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि गंमत संपली.

ऑपरेशन ठीक झालं, पण माणसाची अन्नावरची वासनाच उडाली. डाळीच्या वासाने उमासे यायचे. खिचडी पुढे ठेवली की ते भिंतीकडे तोंड करायचे. अंगावरचे कपडे दुसऱ्याचे वाटावेत असे लोंबायला लागले. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, वजन आणखी उतरलं तर पुन्हा ॲडमिट करावं लागेल, आणि या वयात ते बरं नाही. प्रभाताईंनी सगळं करून बघितलं. शेवटी एकदा नारळ वाटून, कमी तिखटाचं, तिरफळं घातलेलं बांगड्याचं हुमण केलं. श्यामराव उठून बसले. भात कालवला, आणि वाटी पुसून खाल्ली. स्वयंपाकघरात जाऊन प्रभाताई रडल्या.

आता मासे महिन्यातून एकदा पुरणार नव्हते. दिल्लीतल्या आयएनए मार्केटात समुद्राची मासळी मिळते, पण नवऱ्याला एकटं टाकून, गुडघे धरत तिथवर दर वेळी कोण जाणार? देवासारखी धावून आली ती वैभवी. पलीकडच्या गल्लीत गच्चीवरच्या खोलीत भाड्याने राहणारी मुरूडची पोरगी, ऑफिस दिल्लीत. गणपतीत ओळख झाली आणि वासाचा माणूस वासाला ओळखतो तसं दोघींनी एकमेकींना ओळखलं. “काकू, माझ्या वाटेवरच आहे ते मार्केट,” ती म्हणाली. वाटेवर अजिबात नव्हतं. आठवड्यातून दोनदा ती लॅपटॉपच्या बॅगेत डबा घालून बांगडे आणायला लागली, आणि जाताना काटेही घेऊन जायला लागली. तिच्यासाठी एक तुकडा काढून ठेवल्याशिवाय श्यामराव घास उचलत नसत. वजन काट्यावर थोडंथोडं चढायला लागलं.

आणि अशात ती मीटिंग आली.

पार्कात खुर्च्या मांडलेल्या. कुणाला बेकरी हवी, कुणाला डोशाचं दुकान, एका आजोबांना होमिओपॅथीचा दवाखाना. मित्तलजी माना डोलवत होते. वैभवी उठली. तिने प्रभाताईंना आदल्या दिवशी सांगितलं होतं, “काकू, मी विषय काढते. तुम्ही नुसतं हो म्हणा. तुमचं ऐकतात सगळे.” प्रभाताई तेव्हा हो म्हणाल्या होत्या. अगदी मनापासून.

“एक फिश शॉप हो जाए तो अच्छा रहेगा,” वैभवी म्हणाली. “साफ-सुथरा, एसीवाला. बहुत लोगों को दूर जाना पड़ता है.”

 मग एकदम गलका. “यहाँ मंदिर है सामने!” “बदबू कौन झेलेगा?” “बहुत लोग कौन? नाम बताओ!” मागच्या रांगेत एकदोन जणांनी माना खाली घातल्या, त्यांच्या फ्रीजमध्ये काय असेल ते देव जाणे. वैभवीने प्रभाताईंकडे बघितलं. मित्तलभाभींनीही बघितलं आणि भोळेपणाने म्हणाल्या, “अरे, प्रभाजी से पूछ लो ना. ये भी तो महाराष्ट्र से हैं. क्यों जी, आपके यहाँ चलता है ये सब?”

सगळा पार्क त्यांच्याकडे वळला. आता ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. प्रभाताईंच्या डोळ्यांपुढे कथांची बोलावणी आली, साबुदाणा आला, समोरचं दार आलं, आणि इतकी वर्षं खोटं बोललात म्हणतील हे आलं. श्यामराव तेवढे आले नाहीत.

“नहीं जी,” त्या म्हणाल्या. “अच्छे घरों में तो नहीं चलता.”

नुसतं नाही म्हणाल्या असत्या तरी भागलं असतं. ‘अच्छे घर’ कुठून आले तोंडात, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. वैभवी खाली बसली. प्रभाताईंकडे एक बोट दाखवलं असतं तरी मीटिंग उलटली असती, पण ती एक अक्षर बोलली नाही. बेकरी मंजूर झाली. एगलेस.

प्रकरण तिथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण वैभवीच्या घरमालकाचं मित्तलजींकडे रोजचं जाणं-येणं. आपल्या गच्चीवर काय शिजतं याची त्याला आता काळजी लागली. महिनाअखेरीला खोली रिकामी कर म्हणाला. वैभवीने गुरुग्रामला एका मैत्रिणीच्या फ्लॅटमध्ये जागा बघितली. जाण्याआधी ती प्रभाताईंचा स्टीलचा डबा परत द्यायला आली. प्रभाताई दारातच म्हणाल्या, “अगं, मला तसं म्हणायचं नव्हतं—” “असू दे काकू, ऑफिसला उशीर होतोय,” म्हणून ती जिना उतरली. आत येऊन प्रभाताईंनी श्यामरावांना सांगितलं, तिची बदली झाली.

मासे बंद झाले आणि श्यामराव पुन्हा भिंतीकडे वळले. फोनवरून मागवायची सोय होती, पण ते पार्सल गेटवर गार्ड उघड्यावर ठेवायचा, पिशवीवर भलंमोठं माशाचं चित्र! प्रभाताईंनी पनीर केलं, अंड्याचा प्रयोगही केला. वजनाचा काटा खाली यायला लागला. एका सकाळी नवऱ्याला आंघोळ घालताना बरगड्या हाताला लागल्या, तेव्हा मात्र त्या चिडल्या. नवऱ्यावर नाही, सेक्टरवरही नाही. गुडघ्याला पट्टा बांधला, रिकामा डबा घेतला, कामवाल्या बाईला नवऱ्याजवळ बसवलं आणि मेट्रो बदलत आयएनए गाठलं. परत येताना जिन्यात दोनदा बसावं लागलं.

हुमणाला कढ आला आणि बेल वाजली.

दारात मित्तलभाभी. हातात लाल मखमलीने झाकलेली टोपली, आणि टोपलीत त्यांचा लड्डूगोपाळ, पितळेचा बाळकृष्ण, स्वेटर घातलेला. नवरा-बायको मुलाकडे जयपूरला निघाली होती. घरच्या देवाला कुलपात ठेवायचं नसतं. नैवेद्य दाखवायला, झोपवायला शेजारच्या चांगल्या घरात सोपवून जायचं, अशी त्यांच्याकडची रीत. “बस चार दिन, प्रभाजी. इनको छोड़ने लायक यही एक घर है मेरे लिए,” म्हणत त्यांनी टोपली पुढे केली.

प्रभाताईंचे हात पुढे झाले नाहीत. घरभर तिरफळांचा वास सुटला होता. आज त्या धूप लावायला विसरल्या होत्या.

“भाभी, इनको मत दीजिए,” त्या म्हणाल्या. “हमारे यहाँ मछली बन रही है.” आणि तेवढ्यावर न थांबता पुढे म्हणाल्या, “हमेशा से बनती है.”

मित्तलभाभींनी टोपली छातीशी घेतली. आत वाकून वास घेतला. प्रभाताई वाट बघत होत्या, की आता ओरडतील, नाहीतर दार लावून घेतील. इतकी वर्षं ज्याला घाबरल्या ते आता होऊन जाऊ दे, असं त्यांना झालं होतं.

“तो वो लड़की?” भाभींनी विचारलं.

“वही लाकर देती थी. इनके लिए.”

“हे राम.” भाभी म्हणाल्या, “मित्तलजी ने तो आपकी बात सुनाकर उसके मकान-मालिक को बोला था. कि महाराष्ट्र के अच्छे घरों में भी नहीं चलता, प्रभाजी ने खुद कहा है. मैंने भी कहा, ठीक ही तो है.” त्यांचे डोळे भरले. “मछली आप खाओ जी, आपका घर है. पर उस बच्ची को हमसे क्यों निकलवा दिया?”

 भाभी टोपली घेऊन आपल्या घरात गेल्या. दार हळूच लागलं, आणि ते आपटलं असतं तर बरं झालं असतं असं प्रभाताईंना वाटून गेलं.

आत श्यामराव स्वतःहून टेबलाशी येऊन बसले होते. कितीतरी दिवसांनी. प्रभाताईंनी गरम भात वाढला, त्यावर हुमण घातलं. त्यांनी भात कालवला आणि नेहमीसारखं विचारलं, “वैभवीचा तुकडा काढलास? बदली झाली तरी यायची असेल कधीतरी.”

खोटं बोलायची हीच वेळ होती. एवढं ताट संपू दे, मग सांगू, असं कुठल्याही बाईने केलं असतं. पण प्रभाताईंना आता ते जमेना. बदली झाली नाही, त्यांनी सांगितलं. पार्कात काय झालं, आपण काय म्हणालो, ‘अच्छे घर’सकट सगळं सांगितलं.

श्यामरावांचा हात कालवलेल्या भातात तसाच राहिला. ते रागावले नाहीत. “घरमालकाला हसून दाखवलं ते मी,” एवढंच म्हणाले. मग हात झटकून ताट थोडं पुढे सरकवलं. “आधी तिला फोन लाव.”

“अहो, गार होईल. दोन घास खा, मग लावते.”

“लाव.”

प्रभाताईंनी फोन लावला. ती उचलणार नाही अशी त्यांची जवळजवळ खात्री होती. तिने उचलला. मागे रस्त्याचा आवाज होता.

“काकू?” वैभवी म्हणाली. “काका जेवतात ना नीट?”

प्रभाताईंनी ताटाकडे बघितलं. भातावर हुमणाचं तेल थिजायला लागलं होतं.

“नाही गं,” त्या म्हणाल्या. “आज माझ्यामुळे नाही जेवले.”