चहा न घेणारा कारकून

आमच्या तालुक्याच्या कचेरीतला एक कारकून कुणाचा चहा घेत न्हाय. "मिंधं व्हावं लागतं, बाबा," म्हणतो. म्या चौथीबी पास न्हाय, पण माणूस पारखतो. त्याच्याशी माझं दोनदा वाजलंय, तरी सांगतो, माणूस ताठ हाय.

दोन वर्सं त्याचा एकच धोशा, कचेरीत ओपन सोर्स सॉफ्टवेअर घ्या, ते विकत घ्यावं लागत न्हाय. परवा धाराशिवहून साहेब आले, ते घ्यायचं की न्हाय त्याचा त्याच दिवशी निकाल देणार म्हणून. म्या माझ्या जुन्या अर्जापायी तिथंच बाकावर बसलो हुतो.

"चहा फुकट घेत नाहीस, अन् हे फुकट घ्या म्हणतोस?" साहेब हसले.

"साहेब, चहा पाजणारा उद्या काम सांगतो. हे देणारं कुणी काम सांगत न्हाय."

मग त्यानं कचेरीच्या कॉम्प्युटरात ठेवलेला माझाच जुना अर्ज त्या सॉफ्टवेअरात उघडला. पडद्यावर नुसत्या वाकड्यातिकड्या खुणा.

"ही मोडी आहे का?"

"अर्ज जुन्या फॉन्टात हाय साहेब, तो फॉन्ट ह्यात न्हाय. आधी तपासायला पायजे हुतं. चूक माझी."

चूक लायटीवर ढकलायची की येड्या, म्या मनात म्हणलं.

"म्हणजे मराठी येतच नाही ह्यात," म्हणत साहेब उठायला लागले.

त्यानं कोरं पान उघडलं. "बाबा, तुमच्या हातातली अर्जाची नक्कल मोठ्यानं वाचा. मी टाईप करतो."

तिसऱ्या ओळीत म्या अडलो. साहेबांनी घड्याळ बघितलं. त्याचं दोन वर्साचं काम आता माझ्या जिभेवर लटकलेलं, अन् ती हलंना.

"सावकाश बाबा," तो म्हणाला. "आमी थांबतो."

पडद्यावर माझं नाव सरळ, स्वच्छ उमटलं हुतं. साहेब ते वाचत परत खुर्चीत बसले.