हिरवा चौकोन आणि साहेबांचा ताप

सत्तर सालच्या आसपास मी नागपुरात मलेरिया ऑफिसात क्लार्क होतो. काम तक्ते रंगवायचं: मलेरिया असलेल्या भागाचा चौकोन लाल, नसलेल्याचा हिरवा. तक्ता पाहून साहेब निर्णय घेत, आणि निर्णय झाला की एक किस्सा तयार! असे किती साचले म्हणता!

*

आमची माणसं घरोघर ताप विचारत आणि दारामागे गेरूने तारीख लिहीत. साहेब त्या तारखा मोजत. दिवाळीत नंदनवन वस्तीतल्या लोकांनी चुना मारला, वर्षाचं काम साफ! साहेबांचं फर्मान निघालं, दारामागची भिंत रंगवू नये.

एक काकू थेट माझ्या टेबलापाशी आल्या. "काहून गा बाबू, मच्छर मरत नाही म्हून माही दिवाळी मारून राहिले का?"

*

डास मोजायला एक जण पाय उघडे टाकून बसे, पायावर बसतील तेवढे डास धरायचे. आमचा जाडजूड धोमणे रजेवर गेला, जागी काटकुळा बसला. डास निम्मे!

साहेबांनी लगेच शेरा मारला, "यापुढे सडपातळ माणूसच बसवावा."

*

मग तारखांऐवजी तपासणीसाठी रक्ताचा थेंब घेतलेल्या काचा मोजायचं ठरलं. उन्हात कोण फिरतो! आमच्यातल्या गजूने जरीपटका वस्तीतल्या एकाच पहिलवानाचे चाळीस थेंब घेतले, नावं मतदारयादीतून टाकली. पहिलवानाला निघाला मलेरिया. झाले चाळीस पेशंट! गल्लीत फवारणीच्या तीन गाड्या.

पहिलवान बिचारा म्हणे, "एका माणसाले एवढी दवाई?"

*

वर्षअखेर सगळ्यात हिरवा भाग आमच्यातल्या बोकडेचा. साहेब सत्कार करायला निघाले. मी म्हटलं, "साहेब, तो आठ महिने रजेवर आहे."

साहेबांनी तक्ता नीट पाहिला. "मग बाकीच्यांनाही रजा द्यायला काय हरकत आहे?"

*

शेवटी नियम झाला: ज्याचा भाग वर्षभर हिरवा, तो नोकरीत कायम. आमचा मेश्राम सात वर्षं टेंपररी. एक घर चुकवायचा नाही, डबक्यात स्वतः तेल ओतायचा. बायको रोज विचारी, "आली का जी ऑर्डर?" आम्हा सगळ्यांचा जीव त्याच्या चौकोनात अडकला होता.

वर्षाच्या शेवटच्या दिवशी त्याच्याच भागात एक जण हुडहुडी भरून पडला. खुद्द साहेब! रक्त जिथे घेतलं, केस त्याच भागाची धरत. मेश्राम सुई घेऊन पलंगाशी उभा, डोळ्यांत पाणी.

"साहेब, खोटं लिहाले हात धजत नाही. तुमी आजारी पडा, माही ना नाही. पण दुसऱ्याच्या भागात, भिवापूरले जाऊन पडा ना!"

तीन रजया बाजूला सारून साहेब दात वाजवत उठले.

"जीप काढा!"