सुरयाची घरटी आणि माझ्या काठ्या

आमच्या नगर जिल्ह्याला समुद्र नाही, याचं मला लहानपणी फार वाईट वाटायचं. आता नाही वाटत. होळी झाली की मुळा धरणाचं पाणी झपाट्यानं उतरायला लागतं आणि मागच्या फुगवट्यात लांबच लांब ओली माती उघडी पडते. सकाळी तिथं उभं राहावं. पलीकडचा काठ धुरकट असतो, पायाशी बारक्या लाटा येत असतात, आणि शेकाट्या पक्षी आपले गुलाबी काटकुळे पाय उचलत चिखलातून अशा ऐटीत चालतात की सातबारा त्यांच्याच नावावर असावा. कोकणात जायची काही गरज नाही, असं मी घरी सांगते. घरचे ऐकत नाहीत, ती गोष्ट वेगळी.

माझं शहरात औषधांचं दुकान आहे. सहा दिवस खोकल्याच्या बाटल्या आणि शुगरच्या गोळ्या. रविवारी उजाडायच्या आत स्कूटी काढायची, डब्यात दोन दशम्या, गळ्यात दुर्बीण. नवरा पांघरुणातूनच म्हणतो, निघाली का स्वारी बदकं बघायला! बदकं फेब्रुवारीतच परत जायला लागतात, आता सुरयांचे दिवस आहेत, हे मी त्याला वीस वर्षं सांगते आहे. त्याला अजून बदकंच.

नदी सुरय ज्यांनी पाहिला नाही त्यांना काय सांगावं! राखाडी अंग, डोक्यावर काळी कुळकुळीत टोपी, हळदीसारखी पिवळी चोच आणि कात्रीसारखी दुभंगलेली शेपटी. पाण्यावरून उडताना मध्येच थबकतो, मान खाली घालून बघतो आणि सरळ सूर मारतो. वर येतो तेव्हा चोचीत मासा असतो. मी कितीदा पाहिलं असेल, तरी दर वेळी तोंडून ‘अगं बाई’ निघतंच. एवढा देखणा पक्षी, पण घरटं म्हणाल तर नावाला. उघड्या मातीत एक उथळ खळगा, त्यात दोन-तीन मातकट ठिपक्यांची अंडी. काडी नाही, गवत नाही.

नेमक्या त्याच मातीत माणसं शेती करतात. पाणी उतरल्यावर जी जमीन उघडी पडते तिला गाळपेर म्हणतात. एका हंगामापुरती ती कसायला मिळते. आमच्या नेहमीच्या काठावर एका चाचांचा तुकडा असतो. सत्तरीचे, सडपातळ, डोक्याला जाळीची टोपी. काकडी आणि कलिंगडं लावतात. ओल आहे तोवर पेरायचं, पावसाळ्यात पाणी परत चढायच्या आत काढायचं. गेली काही वर्षं आमची ओळख म्हणजे लांबून हात वर करण्याइतकीच होती.

एका वर्षी चैत्रात शेतीसाठी कालव्याला पाण्याचं आवर्तन सुटलं, धरणातलं पाणी भराभर खाली गेलं आणि इतके दिवस बेटासारखा असलेला एक उंचवटा काठाला जोडला गेला. त्यावर सुरयांची चार घरटी होती. मी दुर्बिणीतून मोजली आणि आनंदानं वेडी झाले. मग वळून पाहिलं, तर चाचांचा भाड्याचा ट्रॅक्टर धूळ उडवत त्याच अंगाला येत होता.

मी तोंडाची फटकळ आहे, हे कबूल करते. ट्रॅक्टरच्या आडवी जाऊन उभी राहिले आणि पट्टा सुरू केला. तुम्हाला दिसत नाही का, अंडी चिरडून काकड्या पिकवणार का, असं सगळं. चाचा शांतपणे म्हणाले की तिकडं जायचं नाहीच आहे, अलीकडंच वळवणार आहे. माझा विश्वास बसला नाही. स्कूटीच्या डिकीत जुनी लाल ओढणी होती, ती फाडली. काठावर कुणीतरी कुंपणासाठी आणून टाकलेल्या बाभळीच्या वाळक्या फांद्या होत्या, त्या तोडून प्रत्येक घरट्याभोवती चार-चार काठ्या रोवल्या आणि त्यांना चिंध्या बांधल्या. मी रोवत होते तोवर सुरय डोक्यावर ओरडत घिरट्या घालत होते. मला वाटलं, घाबरले आहेत बिचारे, पण यांच्याच भल्याचं चाललंय.

चाचा जवळ येऊन काठ्यांबद्दल काहीतरी सांगू लागले. मी ऐकून घेतलं नाही. उलट बजावलं, की यातल्या एका जरी काठीला हात लागला तर वनखात्याला फोन जाईल. ते ट्रॅक्टरकडे परत गेले. मी फोटो काढला आणि आमच्या पक्षीवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. दिवसभर अंगठे येत राहिले. मी जाम शेफारले होते.

पुढच्या रविवारी गेले तेव्हा आधी कावळा दिसला. माझ्या काठीवर बसला होता, लाल चिंधीच्या वर, चोच पुसत. दुसऱ्या काठीवर दुसरा. तीन घरटी रिकामी होती. एका खळग्यात कवचाचा तुकडा होता, बाकी काहीच नाही. चौथ्यात दोन अंडी शिल्लक होती आणि तिथली सुरय मादी माझ्या डोक्यावरून जीव तोडून ओरडत होती.

माझं डोकं फिरलं. तरातरा चाचांकडे गेले आणि विचारलं, तुम्ही रोज इथं असता, कावळे हाकलता येत नव्हते का? ते काकडीची रोपं लावत होते. हात धुतले, उठले आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघून बोलले.

“ताई, दिवसभर हाकलले. पन सकाळी मी यायच्या आत त्यांनी डाव साधला. या रानात बसायला एक झाड न्हाई, म्हनूनच ती पाखरं इथं अंडी घालत्यात. कावळ्याला बसायला जागा तुमी करून दिली. मी काढनार हुतो, तर तुमीच म्हनला हात लावू नका.”

तोंडात मारल्यासारखं झालं. वीस वर्षं पुस्तकं वाचली, दुर्बिणी बदलल्या, शाळेतल्या पोरांना भाषणं दिली, आणि सपाट मातीत काठी रोवली की तिचा फांदीसारखा उपयोग होतो, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. मी तिथंच मातीत बसले आणि रडले. माफ करा म्हटलं. चाचांनी ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि काठ्या उपटायला गेले. भरभर उपटल्या, मोळी केली, लांब नेऊन टाकली. त्या उंचवट्याच्या अलीकडचा पट्टा त्यांनी नांगरलाच नव्हता. ट्रॅक्टरच्या आवाजानं पाखरू उठतं, म्हणून तेवढ्या भागात कुदळीनं आळी करून हातानं रोपं लावत होते. हे मला कुणी सांगितलं नाही, मातीत दिसत होतं.

मी विचारलं, आता त्या दोन अंड्यांसाठी मी काय करू? म्हणाल ते करते.

“तुमी येऊ नका,” चाचा म्हणाले. “मी रोजचाच हाय, मला ती मोजीत न्हाई. नवं मानूस दिसलं की उठती. ती उठली की ऊन लागतं अंड्याला. कावळाबी मानसाच्या मागं येतो.”

बांधावरून, दुर्बिणीनं, अगदी लांबून बघितलं तर? मी अक्षरशः घासाघीस केली. ते नुसतं नाही म्हणून मान हलवत राहिले. शेवटी त्यांचा फोन नंबर घेतला आणि निघाले. घरी आल्यावर ग्रुपवर लिहिलं, की माझ्या काठ्यांमुळे तीन घरटी गेली, चौथ्याकडे कृपया कुणीही फिरकू नका. लिहायला अर्धा तास लागला. या वेळी अंगठे आले नाहीत.

त्यानंतरचे रविवार कसे काढले, माझं मला माहीत. पक्षी बघणाऱ्या माणसाला बघू नको म्हणणं म्हणजे काय शिक्षा असते! माळे झाडले, लोणच्याच्या बरण्या घासल्या. नवरा म्हणाला, बरी आहेस ना? ऊन तर असं की दुकानाच्या शटरला हात लावता येत नव्हता, आणि तिथं उघड्या मातीत ती दोन अंडी. जीव टांगणीला लागलेला. एक दिवसाआड चाचांना फोन करायची. ते म्हणायचे, बसली हाय, आणि फोन ठेवायचे. एकदा सकाळी म्हणाले, राती कुत्री आलती. आणि मग म्हणाले, पन बसली हाय.

आणि मग एका दुपारी, काउंटरवर गिऱ्हाईक उभं असताना, त्यांचाच फोन आला. आजवर त्यांनी कधी आपणहून केला नव्हता.

“पिल्लं निघाली, ताई.”

मी विचारलं, तुम्ही जवळ जाऊन पाहिलीत का? किती आहेत? कशी दिसतात?

“मी कशाला जातोय जवळ? इतके दिस ती पान्यात पोट भिजवून यायची आन अंड्यावर बसायची, गारव्यासाठी. कालपसून चोचीत बारका मासा घेऊन येती. खानारं कोनीतरी असंल तवाच आनती ना.”

पोट भिजवून अंडी गार ठेवतात, हे मी पुस्तकात वाचलं होतं. डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. चाचांनी ते वाकून काकडीला पाणी घालता घालता पाहिलं होतं, एक पाऊलही पुढे न टाकता. गिऱ्हाईकासमोर मला रडू कोसळलं. तो बिचारा गोळ्या न घेताच बाहेर जाऊन उभा राहिला.

पुढचा दिवस रविवार होता. पहाटे चारला जाग आली, दुर्बीण गळ्यात घातली, स्कूटीची किल्ली हातात घेतली आणि जिन्यात उभी राहिले. पिल्लं आता दोन-तीन दिवसांची असतील, वाळूच्या रंगाची, मुठीत मावतील एवढी. एकदाच, लांबून, पाच मिनिटं. कुणाला कळणारही नव्हतं.

किल्ली परत खुंटीला अडकवली आणि चहा टाकला. सुरयाची ती पिल्लं मी कधीच पाहिली नाहीत.